शोर्शची काचपेटी

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.
ब्रेमेनहून स्वेन्याचा फोन. नवं घर मिळालं म्हणे. आता शोर्शला घेऊन जाणार. शोर्श म्हणजे लेकीचा दाढीवाला सरडा. दोन महिने सांभाळ म्हणून ठेवून गेली, त्याला तीन वर्षं झाली. म्हणाली, पप्पा, आधी पेटी नीट घासून, जंतुनाशक लावून धुऊन ठेव. झाली की कळव, मी लगेच येते.
सुटलो! उद्या दोन तासांत उरकतो. एकतीस वर्षं स्टुटगार्टच्या कारखान्यात गिअरबॉक्स तपासलेत, काचपेटी काय चीज आहे?

मंगळवार, ५ मार्च.
फक्त जंतुनाशकाच्या बाटलीवरच्या सूचना वाचल्या. आधी साबण आणि गरम पाणी, मळ निघाल्यावर औषध, दहा मिनिटं तसंच, मग भरपूर पाण्याने धुणं, मग पूर्ण वाळवणं. असलं काम घाईत करत नाहीत. तक्ता आखला. शोर्शला वाचून दाखवला. त्याने एक डोळा मिटला. पटलं असावं.

शनिवार, ९ मार्च.
झाडलोटीची पाटी माझ्या दारावर. आमच्या इमारतीत पाटी ज्याच्या दारावर, त्या आठवड्याचा जिना त्याचा. जिना आधी, घर नंतर. कोपरे टूथब्रशने काढले.
स्वेन्याचा मेसेज: झाली का? प्रगती उत्तम, असं कळवलं.

सोमवार, ११ मार्च.
पाटी आज समोरच्या फ्राउ बेत्झलरच्या दारावर लावायची होती. पण बिचारीचे गुडघे दुखतात. तिचाही आठवडा मीच घेतला, जिना लगेच झाडला. पेटी पुढे ढकलावी लागली. नाइलाज.

मंगळवार, १२ मार्च.
फ्राउ बेत्झलर दारात. म्हणाली, अहो, माझा जिना घाण असतो असं वाटतं का तुम्हाला? चाळीस वर्षांत कुणाची हिंमत झाली नाही हो! मी गुडघ्यांचं सांगितलं. तर म्हणाली, माझे गुडघे माझ्यापाशी. पाटी काढून घेऊन गेली.
इमारतीत माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती. असो. शोर्श आहे. म्हणजे, अजून आहे.

रविवार, १७ मार्च.
आज सुरुवात! रविवारी खरवडण्याचा आवाज चालत नाही, म्हणून शोर्शची बसायची फांदी तेवढी घेतली. ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवली की जंतू मरतात. पण शोर्श माझ्या खांद्यावर झोपला. झोपलेल्याला कसं हलवणार? फांदीचा कोळसा झाला.
धूर पाहून फ्राउ बेत्झलर धावत आली. कॉफी विचारली, नको म्हणाली. खांद्याकडे बघून म्हणाली, अहो, तुम्हाला तो द्यायचाच नाहीये.
हसलो. लोकांना कामातली सिस्टिम कळत नाही.

मंगळवार, १९ मार्च.
काचेला व्हिनेगर लावलं, आमच्याकडे सगळ्यालाच लावतात. मग बाटली पुन्हा वाचली: यात क्लोरीन आहे, व्हिनेगरशी मिसळू नका, विषारी वायू होतो. थोडक्यात वाचलो. काच धुतली आणि सरड्यांसाठीचं साधं औषध मागवलं. यायला तीन दिवस लागतील. वाट पाहण्यात मी तरबेज आहे.

शुक्रवार, २२ मार्च.
स्वेन्याचा फोन. म्हणाली, पप्पा, झालं असो नसो, उद्या येतेय.
सकाळीच औषध आलं. शोर्शला दुसऱ्या डब्यात ठेवलं. जुनी वाळू फेकली. सगळं टबमध्ये घासलं, स्वयंपाकघरात नाही. औषध लावून घड्याळ धरून दहा मिनिटं. तीनदा धुतलं. वास जाईपर्यंत वाळवलं. नवी फांदी ठेवली. मग टब आणि हात. एकूण दोन तास दहा मिनिटं.
उद्या पेटी बघून स्वेन्या म्हणेल, पप्पा, तुझ्याइतकं कोण करणार, राहू दे इथेच. मी थोडे आढेवेढे घेईन. मग कबूल करीन.

शनिवार, २३ मार्च.
स्वेन्या अकरा मिनिटं थांबली. गाडी नो-पार्किंगमध्ये होती. म्हणाली, बाप रे पप्पा, काय चकाचक केलीस! पण मी कालच मोठी घेतली रे, ही तुलाच राहू दे. शोर्शला गाडीत ठेवताना, तो सातला उठतो, असं मी सांगितलं. माहितीये, म्हणाली.
दोघांसाठी मसूर शिजवले होते. उरले. फार वाईट वाटलं. मसुराचं.

रविवार, २४ मार्च. सकाळी ७.
पेटीतला दिवा लावला. न वापरता ठेवला तर बल्ब खराब होतो. काचेवर एक डाग नाही.