खालचा ट्रे

४ जून
नोकरी लागली! सहावी. की सातवी? बोटी रंगवल्या ते आठ दिवस धरायचे का — जाऊ दे. ताईच्याच इस्पितळात, ऑफिसात. नर्सच्या भरतीचे अर्ज लावायचे. आई म्हणाली, "महिनाभर तरी टिक रे बाबा." ताई नुसती हसली. तिचाही अर्ज आहे. चार वर्षं हंगामी राबतेय लहान मुलांच्या वॉर्डात. या खेपेला कायम झाली तर झाली, पुढच्या भरतीला वय बसत नाही.

५ जून
हेडक्लार्कच्या चष्म्याला बाटलीच्या बुडासारख्या काचा. मी मनात नाव ठेवलं — भिंगोजी. म्हणाले, "पदवीवाल्या वरच्या ट्रेमध्ये, डिप्लोमावाल्या खालच्या." खालचा कधी बघणार? "वरचा संपला की." वरचा संपतोय कशाला! वर बावन्न अर्ज, जागा चौदा. गणितात तीनदा आपटलो तरी एवढं कळतं.
ताईचा अर्ज माझ्याच हाताने खाली ठेवला. डिप्लोमा तीन वर्षांचा, पदवी चार. एका वर्षाचा फरक! तेवढं वर्ष तिने का सोडलं? घरात मिळवतं कोणी नव्हतं आणि मला शाळेत घालायचं होतं. त्या शाळेचे मी काय दिवे लावले ते लिहीत नाही.

९ जून
कंटाळा. खिडकीत दोन कावळ्यांनी सुतळीवरून अर्धा तास भांडण केलं. सुतळी तिसऱ्याने नेली.

१२ जून
वॉर्डात कागद द्यायला गेलो. एक तान्हं बाळ रडून रडून निळं पडलेलं, सलाईन लावायचं तर शीर सापडेना. सुई हातात घेऊन नवी सिस्टर उभी — पदवीवाली, आल्या आल्या कायम! शेवटी बिचारीने हाक मारली, "ताई, जरा येता का?" ताईने बाळाचा हात मुठीत धरून ऊब दिली, अंगठ्याने चाचपलं, एका टोचण्यात काम फत्ते. पोरगी म्हणाली, "तुम्ही आमच्या कॉलेजात शिकवायला हव्यात." ताई म्हणाली, "तुझ्या कॉलेजात मला झाडायलासुद्धा घेणार नाहीत गं." दोघी हसल्या. मला नाही हसू आलं. माझं डोकं सणकलं!

१३ जून
भिंगोजींना सांगितलं. पदवीवालीला शीर सापडेना आणि डिप्लोमावाली खाली? हा कुठला न्याय? ते चष्मा पुसत म्हणाले, "इथे शिरा नाही तपासत, कागद तपासतात. तू किती शिकलास?" मी फायलींना टाचण्या लावायला घेतल्या. पण आतून नुसता धुमसतोय. कागद काय ताप उतरवतो? कागद काय पोराला कडेवर घेतो?

१५ जून
केलं! जेवणाच्या सुट्टीत ताईचा अर्ज उचलला आणि वरच्या ट्रेमध्ये मधोमध सरकवला. कुणी पाहिलं नाही. चोरी नव्हे ही. जिथे असायला हवा तिथे ठेवला, बस्स!

२६ जून
ताई गणवेशाला इस्त्री करत होती. वर न बघता म्हणाली, "बोलावतील का रे?" मी म्हटलं, "बोलावतील? पायघड्या घालतील!" "तुला काय माहीत?" जीभ चावली. भूक नसताना दोनदा जेवलो.

८ जुलै
वरच्यांपैकी नऊच जणी रुजू झाल्या. बाकीच्या मोठ्या इस्पितळांत नाहीतर परदेशी. भिंगोजी म्हणतात, दर भरतीला हेच. मग खालचा ट्रे उघडला आणि इथे हंगामी राबलेल्या पाच जणी आधी घेतल्या. ताईचा अर्ज वरच्या ट्रेमध्येच बाद झाला होता — ‘पदवी जोडलेली नाही.’ शिक्का बसलेला परत घेत नाहीत.
ताई बाहेर मला हाका मारतेय. विचारतेय, "माझा अर्ज वर गेला कसा रे?"