हिरवी खूण

हिर्डोशी, मंगळवार, संध्याकाळ

नात शाळेच्या टॅबवर धडा वाचते. बरोबर वाचला तर घरच्या मोठ्या माणसानं हिरवी खूण दाबायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी एक ओळ लावेपर्यंत ती पानाच्या खाली पोचते. मग तिच्या तोंडाकडं बघून रोज हिरवी खूणच दाबत आलो.

आज तिच्या बाई म्हणाल्या, "आबा, टॅबवर रोज हिरवी खूण दिसते, छान वाचते हो ती आता. वाचनात कच्च्या मुलांच्या जादा तासातून नाव काढलंय."

मी मान हलवली. का हलवली?

घरी तिच्यापुढं पेपर धरला. पहिल्याच ओळीत अडली.

"टॅबवर तर समदं बरोबर येतंय की, आबा."

ती हिरवी खूण माझी, पोरी.

उद्या बाई एसटीतून उतरतील तिथंच गाठून सांगतो. शाळेत चारचौघांसमोर माझ्यानं बोलवणार नाही.