प्रिंटर घ्यावा की कोणावर विश्वास ठेवावा

३ मार्च, सोमवार. सकाळी.
प्रिंटर घ्यायचा. पक्कं. शुक्रवारी प्रबंध गाईड मॅडमच्या टेबलावर गेला नाही तर माझं वर्ष वाया. आणि युनिव्हर्सिटीसमोरच्या झेरॉक्सवाल्यावर माझा काडीचा विश्वास नाही. परवा प्रकरण दोनची प्रिंट काढताना तो स्क्रीनकडे बघत होता. विषय 'रांगेत उभ्या माणसाचं मन'. कोणालाही मोह होईल.

संध्याकाळी.
रूममेटशी प्रिंटरचं बोललो. तो लगेच म्हणाला, घे घे, मलाही होईल. लगेच! म्हणजे टपूनच बसला होता. फेरविचार.

४ मार्च.
दुकानात गेलो. सेल्समन म्हणाला, वायफायवर चालतो, मोबाइलवरूनही प्रिंट देता येते. म्हणजे माझा प्रबंध हवेतून जाणार? हो म्हणाला, आणि वर हसला. वायरवर चालेल का विचारलं. चालेल, पण वायर बॉक्समध्ये येत नाही, वेगळी घ्यायची. एवढा मोठा बॉक्स आणि आत वायर नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. प्रिंटर कॅन्सल.

५ मार्च.
रामबाण उपाय सापडला. फाइलची एक कॉपी केली, तिच्यातली पानं पत्त्यांसारखी पिसली, पानांचे नंबर काढून टाकले आणि तीन झेरॉक्सवाल्यांना तीन वाटे दिले. कोणाच्याच हाताला सलग काही लागणार नाही. मूळ फाइलला नवा पासवर्ड घातला. तो इथेही लिहीत नाही.
रूममेट म्हणाला, मग पानं लावणार कशी? म्हटलं, बाबा रे, मी लिहिलंय ते, डोळे मिटून लावेन. तो गप्प बसला. त्याचं गप्प बसणंही मला आवडलं नाही.

६ मार्च.
दुपारपासून पानं जमिनीवर. पंखा बंद. 'वर सांगितल्याप्रमाणे' अशी सुरू होणारी बरीच पानं आहेत. वर काय सांगितलं होतं ते आठवेना. मूळ फाइल बघावी म्हटलं तर पासवर्ड आठवेना. रूममेट म्हणाला, मदत करू का? नको म्हटलं. त्याला तेच हवं होतं. शेवटी जमली तशी लावली. भारदस्त लिखाण कुठूनही वाचता आलं पाहिजे.

७ मार्च, शुक्रवार.
मॅडमनी प्रबंध माझ्यासमोरच चाळला. म्हणाल्या, मागच्या मसुद्यापेक्षा मांडणी कितीतरी सुधारली आहे. मी सुखावलो. मग चष्मा काढून म्हणाल्या, कोणाकडून लिहून घेतलंस?
मी! मीच लिहिलंय म्हटलं. या पानानंतर हे पान का आलं, ते सांग म्हणाल्या. सांगता येईना. मूळ फाइल दाखव म्हणाल्या. उघडत नाही म्हटलं, तर नुसतं 'अच्छा' म्हणाल्या. प्रबंध ठेवून घेतला, पण स्वीकारला नाही. म्हणाल्या, तुला हे लिहिताना कोणी पाहिलं असेल, तर सोमवारी त्याला घेऊन ये.
फार अपमान वाटला. जिन्यात थांबून डोळे पुसले.

संध्याकाळी.
रूममेटला सगळं सांगितलं. साक्षीला येशील का विचारलं. तो म्हणाला, येईन की. पण सांगू काय? मी खोलीत आलो की तू लॅपटॉप मिटायचास. दोन वर्षांत तुझं एक अक्षर माझ्या नजरेला पडलेलं नाही.
त्याचा चेहरा नीट निरखून पाहिला. खोटं बोलत नव्हता.