तीन झेंडू एका रांगेत

सातपूर, नाशिक
१२ ऑक्टोबर २००६

ती. ज्ञानेशदादास,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली सीडी मिळाली. वर्कशॉपच्या मालकांनी मला जुना कॉम्प्युटर घरी नेऊ दिलाय, त्यावर दोन्ही खेळ चालतात. मळा विकून फ्लॅटवर आल्यापासून अण्णा दिवसभर गॅलरीत बसून असतात, म्हणून तू फुलांचा खेळ मुद्दाम निवडलास, हे कळलं. पण झालं भलतंच. त्यात वाफ्यातल्या फुलांची अदलाबदल करायची. तीन सारखी ओळीत आली की ती नाहीशी होतात आणि गुण मिळतात. अण्णांनी दोन डाव पाहिले आणि तोंड धुवायला मोरीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्यात गुहेतले रंगीत दगड तसेच जुळवायचे. तो मात्र रोज खेळतात. माउस धरताना करंगळी वर, जणू कपातला चहाच पितायत. तुझा फोन आला की अजूनही हातानंच नको म्हणतात. मनाला लावून घेऊ नकोस. पायमोजे दोन-दोन घालत जा, आणि धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
हर्षाली

लडाख
९ नोव्हेंबर २००६

चि. हर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

मी वेष्टनावरचा झेंडू पाहिला आणि सीडी घेतली. आत काय आहे ते बघायला हवं होतं. अण्णांना विचार, तो खेळ काढून टाकायचा का.

मळा विका असं मी तीन पत्रांतून लिहिलं. आई गेलेली, मी इथे फौजेत, तू नोकरीला. एकट्यानं ते किती ओढणार होते? मला अजून ते बरोबरच वाटतं, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. फेब्रुवारीत रजा मिळेल असं दिसतंय. ते बोलले नाहीत तरी शेजारी बसेन. पायमोजे घालतो, आजीबाई.

तुझा,
दादा

सातपूर
३ डिसेंबर २००६

चि. ज्ञानेश यास अण्णांचा आशीर्वाद.

हर्षालीनं तुझं पत्र वाचून दाखवलं. मला लिहायची सवय नाय, चार दिवस लागले. खेळ चांगला हाय, तुझी चूक नाय. पण चाळीस वर्षं तीन झेंडू एका रांगेत फुलले की मी तुझ्या आईला हाक मारून दाखवायचो. त्या खेळात तीन फुलले की पुसून जातात अन् वर शाबासकी मिळते. बघवलं नाय. दगडाचं तसं नाय. दगड गेला तर गेला, तो कुणी लावलेला नसतो.

मळा तुझ्या सांगण्यावरनं विकला नाय. माझी कंबर गेली होती. तुला सांगायची लाज वाटली. पोरानं विकायला लावला, असं लोकांना सांगत राहिलो. मग तुझ्याशी बोलायला तोंड राहिलं नाय. राग नव्हता. रजेवर ये.

पुंजा

सातपूर
२० जानेवारी २००७

ती. दादास,
शि. सा. न.

निरोप युनिटला फोनवर दिला होता. हवा खराब, विमानं बंद, हे कळलं. तुला कुणी बोल लावलेला नाही. मंगळवारी सकाळी अण्णांनी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, आणि रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं. अग्नी मी दिला.

तुझं रजेची तारीख कळवणारं पत्र सोमवारीच आलं होतं. त्यांनी माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं, मग टोपी घालून शेजारच्या रंगनाथकाकांकडे गेले. काका काल सांगत होते, की अण्णा दारातच उभे राहिले आणि म्हणाले, ज्ञानेश येतोय, आणि मळा मी माझ्या मनानं विकला, त्याच्यामुळं नाही. एवढं बोलून परत फिरले.

हारफुलं आणायला काका निघाले होते, पण मीच गेले. आपल्या घरात फुलं कधी विकत आणली नव्हती, दादा. आईच्या वेळी अण्णांनीच तोडून आणली होती. बाजारात झेंडूवाल्या बाईंनी विचारलं, अर्धा किलो देऊ की किलो. किती लागतात तेच मला सांगता येईना.

वाट मोकळी झाली की ये.

तुझी,
हर्षाली