पाठ टेकली

मुक्काम तालीम, ता. कोरेगाव, जि. सातारा
रविवार, दि. ५ ऑक्टोबर २०२५

चि. वीरधवल यास,
लालासाहेब मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. जतला यंदा पाऊस बरा झाला असं ऐकलं. ज्वारी पेरून झाली का? तू शाळेत खेळाचा मास्तर झालास आणि पोरं तुला वचकून असतात, हेही कळलं. असायलाच पाहिजेत. मुलगी चार वर्षांची झाली म्हणे. प्रियदर्शनी हे नाव ठेवलंस, ते बाजारात तिसऱ्याच माणसाकडून कळलं. चालायचंच.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी चार वाक्यांत मला दम लागतो. म्हणून पत्र. अक्षर वाकडं आहे, समजून घे.

फेब्रुवारीत माझं ऑपरेशन झालं ते तुझ्या कानावर आलं असेल. उजव्या फुफ्फुसात गाठ निघाली, कॅन्सरची. जन्मात बिडी ओढली नाही, तालमीत कुणाला ओढू दिली नाही, तरी निघाली. डॉक्टरांनी बरगड्यांमधून जाऊन फुफ्फुसाचा वरचा तुकडा काढला. टाके वाळले, पण दुखणं गेलं नाही. काखेखालून पाठीपर्यंत आग व्हायची, सदरा घासला तरी सहन होत नव्हतं. आडवं पडायची सोय नाही. पाच महिने मी खुर्चीत बसून, पुढच्या टेबलावर उशी ठेवून त्यावर डोकं टेकून झोपलो. चाळीस वर्षं पोरांना एकच शिकवलं, काही झालं तरी पाठ मातीला लागू देऊ नको. मारुतीरायाने ते जरा जास्तच मनावर घेतलं.

तुझी मामी शालू तेवढी हसली नाही या विनोदाला.

जुलैत दुखणं फारच वाढलं. साताऱ्याला उत्कर्षा मॅडम म्हणून डॉक्टर आहेत, त्यांनी तपासलं आणि नव्या गोळ्या लिहिल्या. औषधाच्या दुकानात तो माणूस म्हणाला, "काका, स्टेरॉइड आहे, काहीतरी खाऊनच घ्यायची." मी पाकीट तिथेच ठेवलं आणि बाहेर आलो.

तुला माहीत आहे माझं. अंग फुगवायला इंजेक्शन टोचून घेणारी दोन पोरं मी तालमीतून हाकलली होती. एकाचा बाप माझ्या पाया पडला होता, तरी हाकललं. आणि आता तीच वस्तू मी खायची? शालूने मागे जाऊन पाकीट आणलं होतं. मी अकरा दिवस हात लावला नाही. भिंतीला डोकं घासायचो, पण गोळी नाही. बाराव्या दिवशी ती ताट घेऊन समोर बसली आणि तिने भाकरीवर गोळी ठेवली.

म्हणाली, "आवं, ही दुखण्याची हाय. अंगाची न्हाई. मॅडमनं दोनदा सांगितलं."

मी म्हणालो, "नाव तर तेच हाय."

तर म्हणाली, "पोरगं बी तवा हेच सांगत हुतं. तुमी नावापुढं काय ऐकलं का?"

सात वर्षांत या घरात तुझा विषय पहिल्यांदा निघाला. मी गोळी घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण करून जाजमावर हळूच आडवा झालो, डावी कूस केली, मग उताणा झालो. पाठ टेकली. वीरधवल, मी रडलो. शालू धावत आली, तिला वाटलं दुखतंय.

पुढे मॅडमना खोदून खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, स्टेरॉइड म्हणजे एकच औषध नाही. मांस वाढवायला चोरून घेतात ते वेगळं, सूज उतरवून दुखणं कमी करायला आम्ही देतो ते वेगळं. आडनाव एक असलं म्हणून माणसं एक नसतात, असं त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. मी मान डोलावली. पण मला ते आधीच ठाऊक होतं. ते कसं, हे सांगायलाच हे पत्र आहे आणि दोन पानं झाली तरी मी तिथे येत नाहीये.

सात वर्षांपूर्वी, जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानाच्या आदल्या दिवशी तुझ्या पिशवीतून सांगलीच्या हाडाच्या डॉक्टरांचा कागद पडला. त्यावर तो शब्द होता. तू म्हणालास, "मामा, खांद्याचं हाय त्ये, ऐका तरी." मी कागद फाडला. तीस-चाळीस पोरांसमोर म्हणालो, "अंगावरची माती हितंच झाडून जा." तू आखाड्याच्या कडेला उभा राहून झाडलीस. पायाच्या बोटांमधलीसुद्धा. दहा वर्षांचा असताना तुझ्या आईने, राहीबाईने, तुला माझ्या हाती दिलं होतं, बाविसाव्या वर्षी मी असा परत पाठवला. त्यानंतर तू कुस्ती केली नाहीस आणि माझी बहीण भाऊबीजेला आली नाही.

आता ऐक. त्याच वर्षी थंडीत मी दुसऱ्या एका पोराचा गुडघा दाखवायला त्याच डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी मला ओळखलं. विचारलं, "वस्ताद, तुमच्या वीरधवलचा खांदा कसा आहे? सुजेवर इंजेक्शन दिलं होतं, गुण आला का?"

मी म्हणालो, "बरा आहे."

आणि जिना उतरून खाली आलो. एसटीत बसलो. घरी येऊन जेवलो. त्या दिवसापासून मला माहीत होतं, वीरधवल. अजाणतेपणी झाली ती एका दिवसाची चूक होती, जाणून केली ती सात वर्षांची आहे. गावासमोर बोललेला शब्द मागे घ्यायला मला लाज वाटली. आज घेऊ, उद्या घेऊ, जत्रा होऊ दे, असं करत राहिलो. तुझं कुस्तीचं वय निघून गेलं.

गोळ्यांनी माझं तोंड गोल झालंय. भूकही लय लागते. बाजारात माणसं म्हणतात, "वस्ताद, तब्येत झाली की!" तालमीतली पोरंही खूश आहेत, म्हातारा सुधारला म्हणतात. आपल्याकडे गाल भरले की माणूस बरा. मी त्यांना सांगत नाही की ही सूज आहे. तुला सांगतो. गाठ मणक्यात उतरली आहे. जुलैत दुखणं वाढलं ते त्यामुळे. गोळी दुखणं झाकते, गाठ तिथेच असते. मॅडम म्हणाल्या, दिवाळी बघाल, होळीचं मी सांगत नाही. शालूला होळीचं सांगितलेलं नाही.

आज सकाळी मी तालमीत गेलो. चौघांनी खुर्चीसकट आखाड्यापर्यंत नेलं. पोरांना जोर-बैठका थांबवायला लावल्या, तुझ्यावेळची पाच-सहा माणसंही बोलावून घेतली होती, आणि सगळ्यांसमोर सांगितलं. तुझा काही दोष नव्हता, मी कागद न वाचता फाडला, आणि पुढे कळूनही गप्प राहिलो. चारचौघांत केलेलं पाप पत्रात कबूल करून फिटत नाही, म्हणून आधी तिथे बोललो, मग लिहायला बसलो. एक जण म्हणाला, "वस्ताद, ऊन चढलं, घरी चला." मी घरी आलो.

माफ कर असं लिहायला हात उचलवत नाही. ते मागायचा माझा हक्क नाही. मागायचं आहे ते दुसरंच. तेवीस तारखेला भाऊबीज आहे. राहीबाईचे गुडघे धरलेत, ती एकटी एसटीने येऊ शकत नाही. तिला आणून सोड. तुला उंबरा चढायचा नसेल तर गाडीत बसून राहा, मी खिडकीतून बघेन. मुलीला आणलंस तर तिला माझ्या गालांना हात लावू दे. ते खोटे आहेत, पण पोरांना आवडतात.

आखाड्यात एकाची पाठ टेकली की कुस्ती संपते. मग जिंकलेला वाकतो आणि हात देऊन त्याला उठवतो. हेही तुला मीच शिकवलं होतं. तू हात दिलास तर मी उठेन. नाही दिलास तरी कुस्ती तूच जिंकलास, तो निकाल आज सकाळी मी जाहीर करून आलो आहे.

मातीत पाठ टेकलेला,
तुझा मामा
लालासाहेब