कामी आला

मखमलाबाद, नाशिक
४ डिसेंबर २००५

प्रिय कुंदन,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं, फार मनावर घेऊ नकोस. तुझं पुस्तक पोचलं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर निळं हेल्मेट घातलेला कुणीतरी जवान आणि आत तुझी चिठ्ठी: मराठी आवृत्ती काढायचीय, भाषांतर तूच कर, दीपा. इंग्रजी शिकवणारी तुझ्या ओळखीत मी एकटीच उरले वाटतं.

पुस्तक पूर्ण वाचलं. श्रीमंत देशांनी ठराव करायचे, गरीब देशांनी माणसं पाठवायची आणि त्याला जगाची शांतता म्हणायचं, हे तुझं म्हणणं मला पटलं. राज आफ्रिकेतून फोनवर हेच सांगायचा, फक्त शिव्या घालून. आपण कुणाच्या भांडणात मध्ये उभे आहोत हे माझ्या भावाला शेवटपर्यंत कळलं नाही. तो तिथं गोळी लागून गेला आणि इथं लोक आईला विचारायचे, शांतिसेना ना ती, मग पोरगा मेला कसा? हे सगळं तू नेमकं मांडलंयस. तेवढ्यापुरती तुझी विद्वत्ता मान्य.

मग पाचवं प्रकरण आलं. त्यात नाशिकजवळची 'फुलं विकणारी एक विधवा' आहे. तुझ्या इंग्रजीत ती म्हणते, माझा मुलगा उपयोगी पडला. त्यावर तू पानभर लिहितोस की अशा घरांना सैन्य म्हणजे निव्वळ रोजगार, मुलाच्या मरणातही ती फायदा बघतात.

आई काय म्हणाली ते मी शेजारी बसून ऐकलंय, कुंदन. गुलाबाच्या जुड्या बांधता बांधता, तुझ्या टेपरेकॉर्डरकडे न बघता ती म्हणाली, "माझा राज कामी आला रे बाबा." तू दिल्लीत वाढला असतास तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण तू आमच्याच गल्लीतला. राजचं पार्थिव आलं तेव्हा चौकातल्या फळ्यावर खडूनं तूच लिहिलं होतंस, 'आमचा राज शांतिसेनेत कामी आला'. खडू तुटला तरी उरलेल्या तुकड्यानं तू ओळ पुरी केलीस आणि मला वाटलं होतं, लग्न करावं तर याच्याशीच. कामी येणं म्हणजे लढाईत पडणं, हे तुला पक्कं ठाऊक होतं. तुझ्या सिद्धांताला मात्र दुसरा अर्थ सोयीचा पडला. मोठे देश आमची माणसं वापरून घेतात म्हणून तू गळा काढतोस, आणि तू तरी वेगळं काय केलंस? मला तुझी लाज वाटते.

आईला यातलं काही माहीत नाही. तिनं विचारून विचारून पिच्छा पुरवला, तेव्हा मी सांगितलं की तुझा राज लढाईत पडला असं छापलंय. आता ती फुलबाजारात सगळ्यांना पुस्तक दाखवत हिंडते. "कुंदननं लय मोठं केलं माझ्या पोराला," म्हणते. इंग्रजीत आहे म्हणून निभावलं.

म्हणून हे पत्र. मी नकार दिला तर तू दुसऱ्या कुणाला तरी गाठशील आणि तो प्रामाणिकपणे 'उपयोगी पडला' असंच लिहील. तेव्हा भाषांतर मीच करणार. आईचं वाक्य तिच्याच शब्दांत येईल आणि त्याखालचं तुझं ते पान येणार नाही. कबूल नसेल तर मराठी आवृत्तीचं नाव काढू नकोस. आई चौथीपर्यंत शिकलीय. अक्षरांवर बोट फिरवत का होईना, ती मराठी वाचते.

तुझीच म्हणवत नाही,
दीपमाला