म्हैस नव्हती, गंजी होती

डोंगराखालचं रान, ता. पाथर्डी
रंगपंचमी

चिरंजीव गहिनीनाथ यास,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझी शुगर, मुक्ताचे गुडघे आणि तुमच्या दारातला शेवगा हे तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालते. माझी तब्येत उत्तम आहे. कोणी वेगळं सांगितलं असेल तर ते त्याच तोंडाने सांगितलं असेल, ज्या तोंडाने म्हशीची गोष्ट कोपरगावपर्यंत पोचवली. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्ये बोलतोस आणि मग हसतोस. कागदाला मध्ये बोलता येत नाही. अक्षर एवढं मोठं का म्हणून विचारशील, तर राग मोठा आहे म्हणून.

तर पहिली गोष्ट, मी मालनबाईच्या म्हशीवर बार काढलेला नाही. म्हैस त्या वेळी ओढ्यात डुंबत होती आणि आजही दोन्ही वेळा दूध देते आहे. बार लागला तो मालनबाईच्या कडब्याच्या गंजीला. गंजीला चार पाय नसतात, शिंगं नसतात, आणि ती मेली असंही कोणी म्हणत नाही. एवढा फरक गावाला कळत नसेल तर मी काय करू?

आता मुळापासून सांगते, म्हणजे तुला पाडव्याच्या आधी विचार करायला वेळ मिळेल. संक्रांतीला तू तिळगूळ घेऊन आलास आणि गोड बोलायच्या दिवशीच मला म्हणालास की अक्का, आता रान बटईने दे, बंदूक जमा कर आणि कोपरगावला येऊन राहा. वर म्हणालास, रोही रोज हरभरा खाते आणि तू बघत बसतेस. (बघत बसत नव्हते. ताट वाजवत होते.) त्यावर मला राग आला आणि माझ्या तोंडून शब्द गेला की पाडव्यापर्यंत त्या रोहीचा बंदोबस्त केला नाही, तर पाडव्याला टेम्पो घेऊन ये, मी जात्यासकट आपणहून त्यात चढेन. तू लगेच मुक्ताला साक्षीदार केलंस. तिने आतली खोली झाडून ठेवल्याचंही कळलं. खोलीबद्दल तिला माझे आशीर्वाद सांग, पण झाडलेल्या खोलीत कांदे चांगले राहतात, ते ठेवायला सांग.

तू उसाच्या गावचा झालास, तुला रोही, म्हणजे नीलगाय, काय ठाऊक. पूर्वी आपल्याकडे ही नव्हतीच, बीडच्या अंगाने डोंगर उतरून आली. घोड्याएवढं अंग आणि तोंड असं गरीब की जणू काही खाल्लंच नाही. कळपाने असतात, पण ही मादी एकटीच यायची. पाऊस लांबला म्हणून माझा हरभरा उशिरा पेरलेला, त्यामुळे सगळ्या शिवाराचं काढून झालं तरी हिरवं उरलं ते माझंच. ती डोंगरावरून सरळ माझ्या पंगतीला. मग मी अर्ज केला, पंचनामा झाला, आणि होळीपर्यंत एक रोही मारायचा परवाना माझ्या नावाने आला. बंदूक तर आहेच. तुझ्या दाजींची, ठासणीची, पीक राखायच्या लायसनची, आणि ते गेल्यावर लायसन रीतसर माझ्या नावावर झालेलं. तालुक्यात असं लायसन असलेली दुसरी बाई दाखव.

पण परवाना आला आणि निवडणूक लागली. आचारसंहितेत सगळ्या बंदुका ठाण्यात जमा. म्हणजे मारायची परवानगी माझ्या ट्रंकेत आणि मारायची वस्तू ठाण्याच्या कपाटात. सव्वा महिना ती रोही माझ्या डोळ्यांदेखत जेवली, तिला काही आचारसंहिता नव्हती. निकाल लागला, गुलाल उधळला, आणि त्यानंतर ठाण्याच्या चौथ्या फेरीला बंदूक हातात आली, तेव्हा होळीला चार दिवस उरले होते.

शिकारीला माणसं लागतात. एकाने दबा धरायचा, बाकीच्यांनी हाका करून जनावर त्याच्यावर आणायचं, असं दाजी सांगायचे. पण माणसं आणू कुठून? माझा अजिनाथ आणि सूनबाई धनश्री तुमच्याच बाजूला उसाच्या फडात, आणि त्यांच्यासारखे सगळे धडधाकट कोयत्यावर गेलेले. गळीत संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत या गावात साठीच्या आतलं कोण आहे? म्हणून शेजारच्या मालनबाई, बनुबाई आणि साळूबाई. (हसू नकोस. साळूबाईच्या आवाजाने आजवर दोन चोर आणि एक जावई पळालेला आहे.)

पहिला दिवस एकादशीने खाल्ला. साळूबाई म्हणाली, आज मुंगीसुद्धा मारायची नाही. मी म्हटलं, मारणार मी, पाप माझं, तू नुसती ओरड. तर म्हणे ओरडण्याचंही पाप लागतं. मग आम्ही चौघी बांधावर बसून भगर खाल्ली आणि तिकडे रोहीने हरभरा खाल्ला. शिकार सोडून सगळं यथासांग झालं.

दुसऱ्या दिवशीचा दोष वनखात्याच्या माणसाचा. तो परवाना देताना म्हणाला होता, मावशी, रानात जाताना भडक रंगाचं काही घाला, म्हणजे कोणी तुम्हालाच जनावर समजायचं नाही. घरात भडक असं एकच होतं, दाजींना पुतण्याच्या लग्नात बांधलेला केशरी फेटा. तो मी बांधला, खांद्यावर बंदूक घेतली आणि सकाळीच निघाले. पण वेशीवर, त्याच दिवशी, निवडून आलेल्यांची मिरवणूक गावात शिरत होती. फेटा बघून त्यांना वाटलं मी त्यांची, आणि बंदूक बघून वाटलं सलामी द्यायला आले. माझ्या कपाळाला गुलाल लागला, हातात पेढा आला, आणि हलगीवाला जो पुढे झाला तो थेट माझ्या रानापर्यंत वाजवत आला. हलगी ऐकून डोंगरातलं झाडून सगळं जनावर पलीकडच्या शिवारात गेलं असेल. पडलेल्या उमेदवाराच्या घरचे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी कोणाला मत दिलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही आणि तुलाही सांगणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी रोहीच्या मागे दोन तास होते. ओढ्याच्या काठाला बाभळीखाली उभी होती, भुरकी, मान खाली घालून. मी पोटावर सरपटत गेले. (या वयात किती जणी सरपटतील?) अगदी जवळ गेल्यावर साळूबाई मागून म्हणाली की बाभळीवर तिची घोंगडी वाळत घातली आहे, ती तेवढी येताना घेऊन ये. घोंगडी आणि रोही एकाच रंगाची असते यात माझा काय दोष? त्याच दिवशी मी म्हणे बनुबाईच्या वांग्यातल्या बुजगावण्याला रामराम घातला. घातला. बुजगावणंही बिचारं उन्हातान्हात राखणच करतं, त्याला रामराम केला तर कोणाच्या पोटात का दुखावं?

चौथा दिवस होळीचा, परवान्याचा शेवटचा. सकाळीच दारू भरली, वर दाजींच्या धोतराची चिंधी ठासली, गोळी सोडली, पुन्हा चिंधी ठासली, बाराची टोपी चढवली. मी बांधाला पाठ लावून बसले. तिघी डोंगराच्या अंगाने ताटं वाजवत निघाल्या. खरं सांगते गहिनीनाथ, मला त्या जनावराचा राग नव्हता. मला राग होता त्या टेम्पोचा. त्या रानात मी नवरी होऊन आले, तिथल्या विहिरीचे दगड मी डोक्यावर वाहिलेत, दाजींना मी तिथल्याच बांधावर शेवटचं पाणी पाजलं. ते सोडून तुझ्या आतल्या खोलीत बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं, या विचारानेच मला मरण यायचं. म्हणून मी बंदूक घट्ट धरली.

आणि समोर ती आली. मोठी, भुरकी, स्थिर उभी. मी नेम धरला आणि खटका दाबणार तोच डोंगराकडून बनुबाई ओरडली, "पोटुशी हाय गं ती, कडू! बंदूक खाली घे!"

आता इथे नीट वाच. ते ऐकलं आणि मी जाणूनबुजून नळी बाजूला फिरवली. दया आली म्हणून. फिरवता फिरवता खटका पडला, तो बार मालनबाईच्या गंजीत गेला, जळकी चिंधी कडब्यात अडकली आणि गंजीने पेट घेतला. गावाची होळी संध्याकाळी पेटायची होती, आमची सकाळी नऊलाच पेटली. चौघींनी ओढ्यातून घागरी आणून विझवली, तरी निम्मी गेलीच. मालनबाई मात्र वेगळंच सांगत फिरते. ती म्हणते, "रोही तुज्या पाठीमागं हुती, हरबरा खात. तू म्होरं गंजीवर बार काढला." मालनबाईला आधीपासून उलट सांगायची खोड आहे, हे तुला ठाऊकच आहे.

रोही पळाली म्हणशील, तर तेही नाही. एवढा बार झाला, धूर झाला, चार बायकांचा आरडाओरडा झाला, ती वीस पावलं गेली आणि पुन्हा उभी राहिली. पोटाने जड झालेली, पळणार कुठे? आम्ही काजळीने काळ्या झालेल्या चौघी तिच्याकडे बघत बसलो. मग बनुबाई म्हणाली, पेरताना आपण पहिली मूठ सोडतो ती पाखराची, आल्यागेल्याची म्हणून सोडतो, मग ही आलीगेली नाही तर कोण? साळूबाईने तर तिथेच हात वर करून तिला आशीर्वाद दिला. शेवटी ठरलं की डोंगराकडची सहा तासं, म्हणजे सहा ओळी, उपटायची नाहीत, ती तिची, आणि तिथेच गूळ करायच्या जुन्या काहिलीत रोज चार घागरी पाणी. बाकीचा हरभरा आम्ही चौघींनी दोन दिवसांत उपटून खळ्यावर आणला. ती तिची सहा तासं खाते, माझ्या खळ्याकडे ढुंकून बघत नाही. कडब्याचं म्हणशील तर माझा निम्मा कडबा मालनबाईच्या दावणीला टाकला आहे आणि आम्ही पुन्हा एका ताटात जेवतो.

म्हणून सांगते, मी शब्द दिला होता बंदोबस्ताचा. मारीन असं मी म्हटलंच नव्हतं, हवं तर मुक्ताला विचार, साक्षीदार तूच केली आहेस. बंदोबस्त झाला. पाडव्याच्या आत झाला. तेव्हा मी माझ्या रानात राहणार, बंदूक दाजींच्या फोटोशेजारी खिळ्याला राहणार, आणि पाडव्याची गुढी मी माझ्याच दारात उभारणार. हे शेवटचं. मुक्ताला गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधायला सांग.

तुझी थोरली बहीण,
कडूबाई

ता.क. टेम्पो सांगितला असशील तर मोडून टाक. टेम्पोवाल्याला म्हणावं, बाई आली नाही, बाई जिंकली.

ता.क. आणखी एक. मालनबाई खोटं बोलत नाही. मी पत्र परत वाचायला घेतलं आणि तिच्यावर आळ घेतलेला मला बघवेना. ती सांगते तसंच झालं. मी नळी फिरवली नाही. मी गंजीवरच नेम धरला होता, रोही म्हणून. बनुबाई ओरडली तेव्हा मला कळेना की ही कुणाला पोटुशी म्हणते आहे, आणि दचकून खटका पडला. दया नंतर आली, पण आली ती खरी. रोही माझ्या पाठीमागे चार हातांवर होती, तिचं चावणं ऐकू येत होतं, ते मला मागे राहिलेल्या साळूबाईचं वाटलं.

ता.क. तिसरं आणि खरं. अक्षर मोठं आहे ते रागाने नाही. बारीक काढलं तर मलाच दिसत नाही. दोन्ही डोळ्यांवर दुधाची साय आल्यासारखी आहे, दिवाळीपासून. अजिनाथला सांगितलं नाही, सांगितलं तर तो तुझ्याआधी टेम्पो आणील. तुमच्याकडे मोतीबिंदूचं शिबिर असतं ना, त्यात माझं नाव घाल. मुक्ताला म्हणावं कांदे काढ, आतली खोली मला आठ दिवस लागेल. आठच. पाडवा झाला की जीप घेऊन ये, आणि येताना परतीचंही त्याच जीपवाल्याशी ठरवून ये, म्हणजे तुम्हा दोघांना नंतर काही सुचायला नको. माझ्या माघारी पाण्याच्या चार घागरी बनुबाई घालणार आहे.

नाही म्हणू नकोस. पुढच्या हरभऱ्याला ती पोर घेऊन येईल. तेव्हा कडबा कुठला आणि ती दोघं कुठली, एवढं तरी मला लांबून दिसलं पाहिजे.